पाळीव कबुतरांच्या जाती: ओळख, खोडी आणि नाशिकच्या गच्चीवर कोण टिकतं

गच्चीकर

नमस्कार मंडळी. इंदिरानगर, नाशिक. स्वतःच्या घराची मोकळी गच्ची आहे, त्यावर ६ बाय ६ फुटांची ढाबळ (कबुतरांचं खुराडं) बांधायचं चाललंय. जात मात्र ठरत नाही. विकणारा प्रत्येक पक्ष्याला 'एकदम प्युअर' म्हणतो. लक्का, शिराजी, मुखी, होमर, गिरेबाज, किंग ही नावं सारखी कानावर येतात. प्रत्येकाची पक्की खूण काय, कोणाला कसला त्रास होतो, आणि एका ढाबळीत कोण कोणाबरोबर राहतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ढाबळवाले

गच्चीकर, आधी कबुतराकडून काय हवंय ते ठरवा. आभाळात उडवायचंय, लांबून घरी आणायचंय, की दारात बसून नुसतं बघायचंय? सगळ्या पाळीव जाती मुळात एकाच रानपारव्याच्या. माणसाने एकेक गुण निवडून पिढ्यान् पिढ्या ताणत नेला. जो गुण ताणला त्याच जागी त्या जातीचं दुखणं बसलेलं असतं. हे डोक्यात ठेवून खरेदी केलीत तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचेल.

लक्क्यापासून सुरू करतो, कारण फसवणूक त्यातच जास्त.

साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं असतात. चांगल्या लक्क्यात ३० ते ४०. डार्विनने १८५९ च्या त्याच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हे नोंदवलंय. घेताना पिसारा हातात उलगडायचा आणि सरळ मोजायचं, लाजायचं नाही. सोळा-अठरा भरली तर तो लक्का आणि साध्याचा संकर आहे, कारण पहिल्या पिढीत पिसांचा आकडा दोघांच्या मधे कुठेतरी पडतो. पिसारा उभा, अखंड पंख्यासारखा हवा. मधे फट किंवा एका बाजूला कल असेल तर सोडून द्या.

आपल्याकडचा देशी लक्का अंगाने मोठा, डोक्यावर शेंडी, पायांवर पिसांचे मोजे. इंग्लिश लक्का लहान, पाय स्वच्छ, बिनशेंडीचा, छाती फुगवून चवड्यांवर उभा आणि मान सारखी थरथरती. दोन्ही छान. दोघांची आपसात जोडी मात्र लावू नका, पिल्लं ना धड इकडची ना तिकडची.

आता दुखणी. पिसाऱ्यामुळे नराला मादीवर नीट चढता येत नाही आणि दोन्ही अंडी पोकळ निघतात. विक्रेता म्हणतो जोडी वांझ आहे, बहुतेक वेळा तसं काही नसतं. जोडी लावण्याआधी आठवडाभर नर-मादी दोघांची गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने आखूड करायची. उपटायची नाहीत. दुसरं, चांगल्या लक्क्यात शेपटीच्या मुळाशी असणारी तेलाची ग्रंथी बहुधा नसतेच. पक्षी भिजला की पिसं चिकटतात आणि लवकर वाळत नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर त्याला ढाबळीबाहेर सोडायचं नाही, आंघोळीचं पाणी फक्त ऊन असेल त्या दिवशी सकाळी. तिसरं, गच्चीवरच्या वाऱ्यात पिसारा शिडासारखा भरतो. पक्षी तोल जाऊन शेजारच्या गल्लीत उतरतो, मग मांजर आणि तो.

लक्क्याला बसायला दांडी देऊ नका. १२ इंच रुंद फळी, आणि पाठीमागे भिंत लागणार नाही अशी. भिंतीला घासून घासून पिसारा झाडूसारखा होतो.

शेंडीवाला

+१. शिराजीबद्दल भर घालतो.

ओळख सोपी: रंग वरून, पांढरं खालून. डोक्याचा माथा, मानेची मागची बाजू, पाठ आणि पंख रंगीत. गळा, छाती, पोट आणि शेपटी पांढरी शुभ्र. इंग्रजी पुस्तकांत याला लाहोर म्हणतात, आपल्याकडे इराणातल्या शिराझवरून शिराजी. शेपटीत एकही रंगीत पीस नको. काही विक्रेते असं पीस उपटून ठेवतात. शेपटीच्या मुळाशी बोट फिरवा, नव्या पिसाची रक्ताची नळी टोचली तर समजा. उपटलेलं पीस पाच-सहा आठवड्यांत परत येतं आणि तेव्हा रंग दिसतो. कात्रीने कापलेलं पीस मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत येत नाही.

स्वभाव शांत, नवख्याला अतिशय बरी जात. वजनाने भारी, त्यामुळे अंडी फुटण्याचं प्रमाण थोडं जास्त. त्यात पायाचे मोजे लांब असले तर नर उठताना अंडं मोज्यात अडकून परळाबाहेर (घरट्याच्या मातीच्या ताटलीबाहेर) येतं.

सातपुरी

मोजे कापावेत की नाही यावर दोन तट आहेत. प्रदर्शनात न्यायची जोडी असेल तर कापू नये.

शेंडीवाला

@सातपुरी, प्रदर्शनाची जोडी आणि पिल्लांची जोडी एकाच हंगामात एकच असावी हा हट्टच चुकीचा. अंड्यावर बसवायची जोडी असेल तर मोजे दीड-दोन इंच ठेवून कापा. फक्त मुळाशी निळसर, रक्त भरलेलं पीस कापायचं नाही, ते थांबत नाही. पावसाळा-शरदात पीसझड झाली की मोजे पुन्हा पूर्ववत. आणि मोजेवाल्या कुठल्याही जातीला ओली फरशी चालत नाही. विष्ठा मोज्यांना चिकटून गोळे होतात, बोटं सुजतात. जाळीचा तळही त्यांना नको, पिसं अडकतात. फळ्यांचा तळ आणि त्यावर भाताचं तूस सगळ्यांत बरं.

पारवा_नाशिकरोड

मुखी कोणी घेतलं नाही अजून, म्हणून मी.

मुखीचं अंग रंगीत आणि टाळू पांढरी. पांढऱ्याची रेघ डोळ्याच्या खालून सरळ जायला हवी, जणू टोपी घातलीय. दोन्ही पंखांत बाहेरची दोन-दोन उडणपिसं पांढरी. वरची चोच पांढरट. मानेला सतत लाटेसारखी हालचाल, मोरासारखा डौल. पांढरी पिसं एका पंखात दोन आणि दुसऱ्यात चार असतील तर जोडीला दुसरा पक्षी कमी पांढरं असलेला निवडायचा, नाहीतर दर पिढीत पांढरं वाढत जातं.

मुखी लहान, चपळ, अंड्यावर घट्ट बसणारी, स्वतःची पिल्लं स्वतः पोसणारी. मोज्यांची, पिसाऱ्याची कटकट नाही. माझ्या मते नाशिकच्या हवेला आणि ६ बाय ६ च्या ढाबळीला हीच जात. पण तिला बघायला लोक थांबत नाहीत, ही तिची एकच चूक.

लोटणबद्दल कोणी विचारलेलं नाही तरी लिहून ठेवतो. हातात धरून दोन-चारदा हलवून जमिनीवर ठेवलं की हे कबुतर कोलांट्या खात सुटतं. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीतही लोटण आहे. ती हौस किंवा कसब नाही, मेंदूचा आणि तोल राखण्याचा बिघाड आहे, आणि उचललं नाही तर पक्षी दमून मरू शकतो. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कृपया घेऊ नका.

गच्चीकर

फार उपयुक्त. होमर आणि गिरेबाज यांतला फरक सांगा ना. दोन्ही उडतात, मग वेगळं काय?

आकाशमार्ग

गिरेबाज वर जातो, होमर लांब जातो. गिरेबाज स्वतःच्या गच्चीच्या वर गोल फिरत ठिपका होतो, तासन् तास टिकतो आणि तिथेच उतरतो. होमरला अनोळखी ठिकाणी नेऊन सोडलं तर तो घराकडे सरळ रेघ मारतो.

होमरची बांधणी: डोकं आणि चोच एका कमानीत, नाकावरचा पांढरा गोळा ठळक, छातीचं हाड लांब, हातात घेतलं की पक्षी शेपटीकडे पाचरीसारखा निमुळता लागतो. वजन ४०० ग्रॅमच्या आगेमागे. पंख उलगडल्यावर शेवटची चार उडणपिसं अरुंद आणि त्यांत फटी दिसल्या पाहिजेत. आजचा शर्यतीचा होमर मुख्यतः बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये घडला. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून कितीतरी दशकं निरोपासाठी हेच पक्षी वापरले.

सगळ्यांत मोठी चूक: वाढलेली होमर जोडी विकत आणून सोडायची. ती जुन्या मालकाकडे जाणार, वर्षानेही जाणार. विकतची जोडी कायम बंद ठेवायची, फक्त पिल्लांसाठी. उडवायचं ते ढाबळीत जन्मलेलं पिल्लू.

क्रम असा. सात-आठ दिवसांचं पिल्लू असताना पायात बंद कडी. पुढची तीन बोटं एकत्र करून त्यांवरून सरकवायची, मागचं बोट पायाला चिकटवून बाहेर काढायचं. दहाव्या दिवसानंतर कडी जात नाही आणि पाचव्याला घातली तर गळून पडते. २८ ते ३० दिवसांनी आईबापांपासून वेगळं. मग आठवडाभर ढाबळीला लागून असलेल्या जाळीच्या पडवीत, बाहेरचं आभाळ बघू द्यायचं. पहिलं सोडणं संध्याकाळी, दाणा घालायच्या तासभर आधी, उपाशी पोटी. डब्यात दाणा खुळखुळवायचा आणि रोज तोच आवाज. भरल्या पोटी सोडलेलं पिल्लू शेजारच्या टाकीवर रात्र काढतं.

घराभोवती चाळीसेक मिनिटं स्वतःहून फिरायला लागली की रस्ता. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाची ईशान्य बाजू उत्तम: आडगाव, मग ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, मालेगाव, शेवटी धुळे. रस्त्याने साधारण १०, २०, ३०, ६५, १०५, १५५ किलोमीटर. पहिल्या तीन ठिकाणांवरून दोन-दोनदा सोडा, पुढे एकेकदा. पक्षी एका दिवसात परतले आणि दुसऱ्या दिवशी नीट खात असतील तरच पुढचा टप्पा. इगतपुरी-कसाऱ्याची बाजू नवशिक्या पक्ष्यांना नको. घाटातल्या ढगात ते भरकटतात. हिवाळ्यात निफाड-पिंपळगाव पट्ट्यात सकाळी धुकं असतं, ते विरेपर्यंत टोपली उघडायची नाही. होमर सूर्याचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंदाज घेतो, वासाचाही उपयोग करतो. दाट धुक्यात त्यातलं बरंच हातचं जातं.

आणखी एक इशारा आपल्या भागासाठी. थकलेला किंवा अर्धपोटी ठेवलेला होमर शेतात उतरून चरतो. द्राक्षबागेच्या फवारणीच्या दिवसांत तिथलं पाणी प्यायला की घरी येऊन मान टाकतो. पक्षी घराबाहेर चरायला लागला असेल तर त्याचा दाणा वाढवा.

सातपुरी

गिरेबाजांबद्दल इतक्या दोन ओळींत उरकलंत, हा अन्याय आहे :)

गिरेबाज ही एक जात नसून एक कुळ आहे. नावं रंगावरून पडतात: कलसिरा म्हणजे काळं डोकं, लालसिरा म्हणजे लाल डोकं, कलदुमा म्हणजे काळी शेपटी, चिना म्हणजे ठिपक्यांचा. रंगावर जाऊ नका. डोळ्याची बाहुली बारीक, उन्हात पटकन आकसणारी, बुबुळ स्वच्छ, पंख मिटल्यावर शेपटीच्या टोकाच्या जरा आत, छातीचं हाड सरळ. वाकडं हाड असलेला पक्षी तीन तासांत खाली. बोटाने चाचपलं की कळतं.

उडवण्याचं तंत्र दाण्यात आहे. रोजचा दाणा हलका, निम्म्याहून जास्त बाजरी, कडधान्य थोडं. सकाळी उपाशी सोडायचे. खाली उतरल्यावर आधी थोडं पाणी, लगेच दाणा नाही. अर्ध्या तासाने बाजरी मूठभर. उतरल्या उतरल्या मका घातला तर तो गळ्याच्या पिशवीत फुगून आंबतो. आणि टोळी लहान ठेवा, पाच ते सात. जास्त असले की एक खाली आला की त्याच्यामागे सगळे.

आकाशमार्ग

अन्याय कबूल. पण जानेवारीचं काय? नाशिकमध्ये संक्रांतीच्या आधीपासून आभाळ मांजाने भरलेलं असतं, येवल्यात तर तीन दिवस. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी गच्चीवर मिळतोच. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीची वीस तारीख उलटेपर्यंत कुठलाही उडणारा पक्षी बंद. यात तडजोड नको.

सातपुरी

पूर्ण बंद ठेवले की पक्षी लठ्ठ होतात आणि फेब्रुवारीत उडत नाहीत. सूर्योदयानंतरचा पहिला तास मांजा नसतो. तेवढं उडवायला हरकत नाही.

आकाशमार्ग

मांजा उडत नसला तरी तारांवर, झाडांवर लोंबकळत असतो, आणि गिरेबाज उतरताना त्यातूनच येतो. शिवाय हिवाळ्यात ससाणा याच वेळी भुकेला असतो. लठ्ठपणा दाणा पाव भागाने कमी करून आवरता येतो. कापलेला पंख परत शिवता येत नाही.

रंगारी

वाद चालू द्या, मी दुसऱ्या टोकाने येतो. जात ओळखताना रंगाचं गणित समजलं तर फसवणूक कमी होते, आणि नर-मादी ओळखायचा फुकट उपायही हाती लागतो.

कबुतराचे मूळ रंग तीनच: राखी-लाल, निळा आणि तपकिरी. बाकी सगळे त्यावरचे फेरफार. हा मूळ रंग लिंगाशी बांधलेला आहे. पक्ष्यांत नराकडे त्याच्या दोन प्रती, मादीकडे एकच. राखी-लाल निळ्यावर वरचढ. म्हणून निळा नर आणि राखी-लाल मादी अशी जोडी लावली तर सगळे नर राखी-लाल आणि सगळ्या माद्या निळ्या. पंख फुटले की पाहून सांगता येतं. उलटी जोडी, म्हणजे राखी-लाल नर आणि निळी मादी, लावली तर हा नियम चालत नाही.

त्याहून लवकर हवं असेल तर फिका रंग घ्या. फिका नर आणि गडद मादी यांच्या पिल्लांत माद्या फिक्या निघतात, आणि फिकी पिल्लं अंड्यातून जवळजवळ उघडीच येतात, अंगावर पिवळी लव नसल्यासारखी. पहिल्याच दिवशी निकाल.

शेंडी दबणारा गुण आहे. शेंडीवाला आणि बिनशेंडीचा यांची सगळी पिल्लं बहुधा बिनशेंडीची, पण त्यांची आपसात जोडी लावली की चारातलं एक शेंडी घेऊन येतं. म्हणून 'आईबाप दोघंही साधे, पिल्लू शेंडीवालं' म्हणजे फसवणूकच असं नाही.

बदामी रंगाच्या दोन पक्ष्यांची जोडी मात्र कधीच लावू नका. त्यातल्या काही नर पिल्लांना दोन्हीकडून बदामी गुण मिळतो. अशांचे डोळे बिघडलेले असतात, बरीच जगत नाहीत. बदामी जोडीला साधा काळा किंवा निळा.

वेगवेगळ्या जाती बेछूट मिसळत गेलात तर काही पिढ्यांत पुन्हा निळं, दोन काळ्या पट्ट्यांचं कबुतर समोर येतं. डार्विनने काळ्या आणि पांढऱ्या जाती मिसळून हेच पाहिलं होतं. म्हणजे शेवटी रामकुंडावरचा पारवाच, फक्त विकत घेतलेला.

पारवा_नाशिकरोड

शेवटचं वाक्य ढाबळीवर लिहून लावायला हवं.

गच्चीकर

रंगारी, कमाल! आता किंग, जॅकोबिन आणि ती आखूड चोचीची कबुतरं राहिली. आणि दाण्याचं प्रमाणही कोणीतरी द्या.

ढाबळवाले

किंग अमेरिकेत मांसासाठी तयार केलेली जात. अंग गोल, छाती रुंद, शेपटी आखूड आणि वर उचललेली, वजन पाऊण किलोच्या पुढे. उडत नाही म्हटलं तरी चालेल. घरटं जमिनीपासून फूटभराच्या आत द्या, उंचावरून उड्या मारून पायाचे तळवे सुजतात. दाणा साध्या कबुतराच्या जवळजवळ दुप्पट. स्वभाव दांडगा, मुखी किंवा लक्क्याबरोबर ठेवला तर त्यांची जागा बळकावतो.

जॅकोबिनच्या मानेभोवती पिसांची झालर असते, डोकं आत बुडालेलं. त्याला बाजूचं दिसत नाही. दाणा रुंद, उथळ भांड्यात. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं, नाहीतर झालर भिजून कुजते. जोडी लावताना डोळ्यांसमोरची झालर कातरावी लागते, नाहीतर नर-मादी एकमेकांना नीट पाहतच नाहीत. गच्चीवर मोकळं सोडायचं नाही, शिकरा येताना त्याला दिसणारच नाही. नवख्याने टाळावी.

पाउटर गळ्याची पिशवी हवेने फुगवतो. उपाशी ठेवून एकदम भरपूर दाणा दिला की पिशवी लोंबते आणि आत धान्य आंबतं. दिवसातून तीनदा थोडं थोडं.

आखूड चोचीच्या जातींचं दुखणं सगळ्यांत कठीण: त्यांची चोच पिल्लाच्या तोंडात बसत नाही. पिल्लं उपाशी मरतात. त्यांना पालक जोड्या, म्हणजे दुसऱ्याची पिल्लं वाढवणाऱ्या, लागतात, होमर किंवा साधी देशी. अदलाबदल अंड्यांची करायची, आणि दोन्ही जोड्यांनी एक-दोन दिवसांच्या आत अंडी घातलेली हवीत. का ते सांगतो. नर-मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत पिल्लू निघायच्या सुमारास दुधासारखा पदार्थ तयार होतो. पहिले चार-पाच दिवस पिल्लू त्यावरच जगतं, मग हळूहळू दाणा. पालक जोडीचं वेळापत्रक आठवडाभर मागे असेल तर दूधच नाही आणि आलेल्या पिल्लाच्या पोटात सबंध ज्वारी जाते. म्हणजे एका आखूड चोचीच्या जोडीमागे निदान दोन पालक जोड्या. तुमच्या ढाबळीत तेवढी जागाच नाही.

भुसारवाडा

दाणा. मध्यम आकाराच्या एका कबुतराला दिवसाला ३० ते ३५ ग्रॅम, किंगला ५० ते ६०. एक किलो मिश्रणात:

मका (बारीक दाण्याचा) २५० ग्रॅम, ज्वारी २००, गहू २००, बाजरी १००, हरभरा-वाटाणा-मसूर-मूग मिळून २००, करडई ५०.

पिल्लं असलेल्या जोडीला कडधान्य ३०० पर्यंत न्या आणि मका तेवढा कमी. मे महिन्यात मका निम्म्यावर, ज्वारी जास्त. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पारा खाली गेला की उलट, मका आणि करडई वाढवा. दाणा वीस मिनिटांनी उचलायचा. भांडं सदा भरलेलं ठेवलं की पक्षी करडई वेचून खातात आणि ज्वारी उडवतात.

दोन गोष्टींनी ढाबळी रिकाम्या होतात. एक, पावसाळ्यातला बुरशी लागलेला मका. दाणा फोडून आत काळं-हिरवं दिसलं किंवा कुबट वास आला तर सगळं पोतं बाद, उन्हात वाळवून विष जात नाही. दोन, पेरणीचं बियाणं. स्वस्तात मिळालेला गुलाबी-लाल रंग लावलेला मका किंवा बाजरी म्हणजे औषध चोळलेलं बी. धुऊनही घालू नका.

सोबत खडा: शिंपल्यांचा चुरा, बारीक खडी, जुन्या विटेचा चुरा, लाकडी कोळसा आणि चिमूटभर मीठ. वेगळ्या भांड्यात, कायम. याशिवाय अंड्यांचं कवच पातळ येतं आणि मादीच्या पोटात अंडं अडकतं.

पक्षीवैद्यक

आरोग्याचं थोडक्यात, कारण उपचार समोर पाहूनच ठरतात.

नवा पक्षी तीन आठवडे वेगळा, वेगळ्या भांड्यांसह. घशात पिवळा, पनीरसारखा थर दिसला तर कँकर. खरवडू नका, रक्तस्राव होतो. मान वाकडी, दाण्याला चोच मारताना नेम चुकतो, विष्ठा पाण्यासारखी: मानमोडीच्या (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या) कुळातला विषाणू. त्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. चोचीवर, पापणीवर खपल्या: देवी, डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यात ढाबळीला बारीक जाळी. औषधाचा डोस इथे विचारू नका, कोणी सांगितला तरी घेऊ नका.

माणसांसाठी: वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करू शकते. झाडण्याआधी पाण्याचा फवारा, तोंडावर चांगला मास्क. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ढाबळीचा विचार पुन्हा करा.

ढाबळवाले

ढाबळीबद्दल गच्चीकरांना: ६ बाय ६ मध्ये १२ ते १४ पक्षी, त्यापुढे नाही. उघडी जाळीची बाजू पूर्व किंवा आग्नेय, पश्चिम आणि नैर्ऋत्य पूर्ण बंद, पाऊस तिकडूनच मारतो. पत्र्यावर गवताचा थर, नाहीतर मेमध्ये आत भट्टी. प्रत्येक जोडीला दोन खण, कारण पहिली पिल्लं तीन आठवड्यांची होण्याआधीच मादी पुढची अंडी घालते. खणात मातीचं परळ, नऊ इंच व्यासाचं, आणि कडुनिंबाच्या बारीक काड्या. तंबाखूचे देठ मिळाले तर अर्धे ते, उवा-पिसवा दूर राहतात. पहिलं अंडं संध्याकाळच्या सुमारास, दुसरं एक दिवस सोडून दुपारी. दुसऱ्यापासून १७-१८ दिवस. पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरा, लाल जाळं दिसलं तर भरलेलं.

नर-मादी समसमान. एक जास्तीचा नर सगळ्या खणांत घुसून अंडी फोडतो. दोन जाती ठेवल्या तर मधे जाळीची भिंत हवीच, त्यांना आपली जात ठाऊक नसते.

गच्चीकर

मग असं ठरवतोय: जाळीच्या एका बाजूला मुखीच्या चार जोड्या, दुसऱ्या बाजूला शिराजीच्या दोन. होमर पुढच्या वर्षी. एकच शंका, पक्षी लहान असताना घेतले तर जोड्या कशा लावू? नर-मादी तर कळत नाही.

पारवा_नाशिकरोड

लहान घेऊ नका. सहा महिन्यांच्या पुढचे घ्या. गुटर्गू करत गोल फिरणारा, शेपटी जमिनीला घासणारा बहुधा नर. गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या हाडांची टोकं चाचपा: अंडी घातलेल्या मादीत बोट मावेल एवढी फट, नरात टोकं जवळजवळ जुळलेली. खात्री नसेल तर दोघांना मधे जाळी लावलेल्या पेटीत चार-पाच दिवस शेजारी ठेवा. चोचीत चोच घालायला बघत असतील तर जाळी काढा. मारामारी झाली तर बहुधा दोन्ही नर आहेत. दोन माद्या मात्र फसवतात: शांतपणे जोडी लावतात आणि परळात चार अंडी दिसतात, सगळी पोकळ. चार अंडी दिसली की विक्रेत्याकडे एक परत करा.

गच्चीकर

चार अंड्यांचं लिहून ठेवलं. रविवारी फळ्या कापायला घेतोय.

शेंडीवाला

शिराजीच्या खणाची फळी १४ इंच घ्या, १२ त्यांना कमी पडते.